कार्डावरचा रिकामा रकाना: मुलांची बूस्टर लस कधी, कशासाठी, आणि सुटली तर पुढे काय करायचं

मागच्या उन्हाळ्यात आमच्या नागपूरच्या मनीषनगरातल्या बिल्डिंगच्या मागे बांधकाम चालू होतं, पोरगी तिथे चप्पल न घालता गेली आणि पायात खिळा घुसला, चांगला खोल. गाडीवर टाकून डॉक्टरांकडे नेलं, जखम साबणपाण्याने धुवून झाली, आणि पट्टी बांधता बांधता डॉक्टरांनी विचारलं, "पाच वर्षांची डीपीटी झाली ना हिची?" डीपीटी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्र लस. मी गप्पच. दीड महिना, अडीच महिना, साडेतीन महिने, नऊ महिने, सगळे डोस मी तारखेच्या तारखेला दिलेले, तापलेल्या लेकराला मांडीवर घेऊन रात्री जागून काढलेल्या, पण हे पाच वर्षांचं काही आठवेचना. घरी येऊन कार्ड काढलं तर दीड वर्षापर्यंतचे सगळे रकाने भरलेले आणि त्याखालची ओळ कोरी. तेव्हा ती सहा वर्षं चार महिन्यांची होती. ज्या हॉस्पिटलमधे आम्ही दीड वर्षापर्यंत जात होतो तिथून कधी फोन आला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

मग शेजारच्या, शाळेतल्या ओळखीच्या बायकांना विचारलं तर बहुतेकींचं उत्तर एकच, "ते तर दीड वर्षाला संपतं ना?" संपत नाही. म्हणून हे सगळं लिहून काढते आहे, कारण बाळाच्या लसींबद्दल आपण डोळ्यात तेल घालून असतो आणि पोरगं शाळेत जायला लागलं की कार्ड जन्मदाखल्याच्या पिशवीत जातं आणि तिथेच राहतं.

आधी कार्ड शोधा

खरंच, हे वाचायचं थांबून आधी कार्ड घेऊन या. सरकारी असेल तर ते माता-बालक कार्ड, ज्याला सिस्टर एमसीपी कार्ड म्हणतात, आणि प्रायव्हेटचं असेल तर हॉस्पिटलची फाईल किंवा छोटी पुस्तिका, ज्यात लसीच्या बाटलीचे स्टिकर चिकटवलेले असतात. बऱ्याच घरांत दोन्ही असतात, कारण जन्म एका ठिकाणी, पहिले डोस आजोळी आणि बाकीचे भलतीकडेच, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून एका कोऱ्या कागदावर तारखांसकट एकच यादी करा. कार्ड हरवलं असेल तर जिथे डोस झाले त्या केंद्राच्या रजिस्टरमधे नोंद असते, आशाताईंकडेही यादी असते, आणि अलीकडच्या मुलांची नोंद यूविन या सरकारच्या लसीकरण पोर्टलवर मोबाईल नंबरने सापडते. सरकारी केंद्रात डोस झाला तर तिथल्या सिस्टरला यूविनवर चढवायला सांगा, सर्टिफिकेट मोबाईलवरच मिळतं.

लस "विरते" म्हणजे नेमकं काय होतं

हे समजून घेतलंत तर पुढचं वेळापत्रक पाठ करावं लागत नाही, आपोआप कळतं. मला डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं आणि मी नंतर वाचत गेले.

लस टोचली की शरीरात दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे अँटिबॉडी, त्या रक्तात फिरत असतात, जणू गल्लीत सतत गस्त घालणारे पहारेकरी. त्या बनवणाऱ्या काही पेशी हाडांच्या आतल्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं तिथून थोड्या थोड्या अँटिबॉडी सोडत राहतात. दुसरी गोष्ट म्हणजे मेमरी पेशी, म्हणजे आठवण ठेवणाऱ्या, त्या शांत बसून असतात आणि तोच जंतू परत आला की जाग्या होऊन जोरात कामाला लागतात. पण जागं होऊन पुरेशा अँटिबॉडी बनवायला त्यांना साधारण चार ते सात दिवस लागतात.

घोडं अडतं ते इथे. आजार सावकाश येणारा असेल तर मेमरी पेशींना वेळ मिळतो. कावीळ बी घ्या, तिचा जंतू अंगात शिरल्यापासून आजार दिसायला दीड ते सहा महिने जातात, म्हणून रक्तातल्या अँटिबॉडी कमी झाल्या तरी लहानपणी पूर्ण कोर्स झालेल्या निरोगी मुलाला बूस्टर लागत नाही, तीस वर्षांपर्यंत संरक्षण टिकल्याचं पाहिलं गेलंय. आणि घटसर्प? तो दोन ते पाच दिवसांत येतो. त्याचं विष घशात पडदा धरतं, हृदयावर परिणाम करतं, मेमरी पेशी जाग्या होईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तिथे पहारेकरी आधीच गस्तीवर पाहिजेत, आणि त्यांची संख्या कमी व्हायला लागली की परत भरती करायची, तेच बूस्टर. धनुर्वाताचं तर आणखी वेगळं आहे, त्याचं विष इतक्या थोड्या प्रमाणात माणसाला आडवं करतं की शरीराला तेवढ्यातून ओळखही पटत नाही, धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही त्यातून संरक्षण मिळत नाही, त्यालाही लस घ्यावीच लागते. आणि तो माणसाकडून माणसाला लागतच नाही, मातीतून येतो, त्यामुळे बाकी सगळ्यांनी लस घेतलीय म्हणून आपलं पोरगं वाचेल असं इथे अजिबात नाही.

किती वर्षांत किती कमी होतं याचा एक चांगला अंदाज २००७ साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासातून येतो. ओरेगनमधे ४५ जणांचं रक्त वर्षानुवर्षं, काहींचं २६ वर्षांपर्यंत तपासलं होतं. त्यात धनुर्वाताच्या अँटिबॉडी अर्ध्यावर यायला साधारण ११ वर्षं लागतात आणि घटसर्पाच्या १९ वर्षं असं निघालं, आणि गोवराच्या मात्र २०० वर्षांहून जास्त, म्हणजे माणसाच्या आयुष्यात कमीच होत नाहीत म्हणा. गोवराबद्दल त्याहून जुनी गोष्ट फेरो बेटांवरची आहे. तिथे १७८१ मधे गोवर आला होता, मग पासष्ट वर्षं आलाच नाही, आणि १८४६ मधे परत आला तेव्हा बेटावरची सात-आठ हजारांपैकी सहा हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली, पण पानुम नावाच्या डॅनिश डॉक्टरने लिहून ठेवलंय की लहानपणी १७८१ मधे ज्यांना होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाही परत झाला नाही. गोवराची लस निघायच्या कितीतरी आधीच्या काळातली ही नोंद आहे. मला ती वाचून फार नवल वाटलं होतं.

आता कुणी म्हणेल की मग गोवर होऊनच जाऊ दे, आयुष्यभराची सुट्टी. अजिबात नको. गोवराने न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, आणि २०१९ मधे सिद्ध झालंय की गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या शरीरातल्या बाकीच्या आजारांविरुद्धच्या अँटिबॉडीसुद्धा पुसल्या जातात, काही मुलांत ११ टक्के तर काहींत ७३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे आधी कमावलेलंही जातं. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली होती तेव्हा लेकरं दगावली, ते विसरायची गोष्ट नाही.

मग गोवराचा दुसरा डोस कशाला?

मलाही हाच प्रश्न पडला होता. टिकते आयुष्यभर तर दुसरा डोस का? तर तो खरं म्हणजे बूस्टर नाहीच. बाळाच्या अंगात आईकडून आलेल्या अँटिबॉडी असतात, नऊ महिन्यांपर्यंत त्या बऱ्याच संपलेल्या असतात पण काही बाळांत उरलेल्या असतात आणि त्या लसीतला जिवंत पण कमकुवत विषाणू आधीच निकामी करून टाकतात. म्हणून नऊ महिन्यांच्या एका डोसने शंभरातल्या ८५ बाळांना संरक्षण मिळतं, बाकीच्या पंधरांना लस जणू लागलीच नाही, आणि कोणाचं बाळ त्या पंधरांत आहे हे बाहेरून पाहून कळत नाही. सोळा ते चोवीस महिन्यांमधला दुसरा डोस त्या पंधरांसाठी आहे, दोन डोसनंतर आकडा ९७ च्या आसपास जातो. गोवर इतका पसरणारा आजार आहे की गावात, वस्तीत ९५ टक्के मुलं सुरक्षित नसतील तर तो वाट काढतोच. तेव्हा "एक डोस झालाय ना, पुरे" असं म्हणणारे घरात कुणी असतील तर त्यांना हे पंधरा सांगा.

डांग्या खोकला याच्या अगदी उलट. त्याचं संरक्षण लसीने येवो की आजाराने, आयुष्यभर टिकत नाही, लसीचं तर चार ते बारा वर्षांत कमी होत जातं. मोठ्या मुलाला झाला तर नुसता बरेच आठवडे खोकत राहतो, पण घरात दोन महिन्यांचं बाळ असेल तर त्याच्या जिवावर बेततं, त्याचे तर अजून डोसही पूर्ण झालेले नसतात. घरात दुसरं बाळ येणार असेल आणि मोठ्याचा पाच वर्षांचा डोस राहिला असेल तर तो आधी उरका, आणि होणाऱ्या आईने गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांच्या मधे टीडॅप (याच तीन आजारांवरची मोठ्यांसाठीची लस) घ्यायची का हे डॉक्टरांना विचारा.

आता कार्ड वाचा, वयाप्रमाणे

जन्माला बीसीजी (क्षयरोगाची), पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांत कावीळ बी. सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटा, पोलिओ, जुलाबाची रोटा, आणि न्यूमोनियाची पीसीव्ही सहा आणि चौदा आठवड्यांना. हे बहुतेकांचं झालेलं असतं, इथे जास्त रेंगाळू नका. फक्त एक लक्षात घ्या, पेंटा म्हणजे पाच लसी एकात, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब (न्यूमोनिया-मेंदूज्वराचा एक जंतू). म्हणून कार्डावर "डीपीटी १, २, ३" वेगळं दिसलं नाही तर घाबरू नका, ते पेंटातच आहे. प्रायव्हेटमधे हेक्सा लिहिलेलं असेल तर त्यात इंजेक्शनची पोलिओही आली.

नऊ महिन्यांना एमआर म्हणजे गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर, आणि जानेवारी २०२३ पासून इंजेक्शनच्या पोलिओचा तिसरा डोस. त्याआधीच्या मुलांच्या कार्डावर हा तिसरा नसणारच. पीसीव्हीही सरकारी कार्यक्रमात देशभर २०२१ मधे पोचली, त्यामुळे मोठ्या मुलांच्या कार्डावर ती नसली तर ती आपली चूक नाही, आणि निरोगी मूल पाच वर्षांच्या पुढे गेलं असेल तर आता मागे धावायची गरज नाही. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत जेई म्हणजे जपानी मेंदूज्वराची लसही नऊ महिने आणि दीड वर्षाला असते, आपल्या केंद्रात विचारून घ्या.

मग येतो तो सोळा ते चोवीस महिन्यांचा टप्पा, एमआर दुसरा, डीपीटीचा पहिला बूस्टर आणि पोलिओच्या थेंबांचा बूस्टर. आणि त्यानंतर ज्या तीन ओळींसाठी मी हे लिहून राहिले त्या:

पाच ते सहा वर्षं, डीपीटीचा दुसरा बूस्टर.
दहा वर्षं, टीडी.
सोळा वर्षं, टीडी.

टीडी म्हणजे आधी जी नुसती टीटी (धनुर्वाताची) देत होते तिच्यात घटसर्पाचा भाग घातलेला. पेंटाचे तीन, डीपीटीचे दोन आणि टीडीचे हे दोन मिळून मोठेपणापर्यंतची साखळी पूर्ण होते, आणि मधली एक कडी निसटली की घटसर्प नेमका तिथून शिरतो. आपल्या देशात घटसर्पाच्या केसेस आता तान्ह्या बाळांपेक्षा शाळेच्या वयाच्या मुलांत जास्त दिसतात, त्याचं कारण हेच, बूस्टर सुटलेले असतात.

प्रायव्हेटमधे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात याशिवाय टायफॉइड, कांजण्या, कावीळ ए, दरवर्षीची फ्लू, एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला) चार ते सहा वर्षांचा डोस, दहा वर्षांना टीडॅप आणि मुलींसाठी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्ही हेही असतं. एचपीव्ही नऊ ते चौदाच्या मधे सुरू केली तर दोन डोसमधे होते, पंधरानंतर सुरू केली तर तीन लागतात, म्हणजे लवकर घेण्यात फायदाच. टायफॉइडबद्दल एक सांगते, जुनी जी लस होती ती दोन वर्षांखालच्या बाळांत कामच करत नव्हती आणि दर तीन वर्षांनी परत घ्यावी लागायची, आताची कॉन्जुगेट लस सहा महिन्यांपासून चालते आणि जास्त टिकते. कारण तिच्यात जंतूचा साखरेसारखा भाग एका प्रथिनाला जोडलेला असतो आणि त्यामुळे त्या मेमरी पेशी बनतात ज्या नुसत्या साखरेने बनत नाहीत. तुमच्या फाईलमधे टायफॉइड लिहिलंय तर ती कोणती होती हे स्टिकरवरून बघून घ्या.

रकाना रिकामा निघाला तर

पहिली गोष्ट, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. हे मी ठळक सांगते कारण आमच्याच नात्यात एका बाईंनी "आता सगळा कोर्स परत करावा लागेल" या भीतीने दोन वर्षं पोराला नेलंच नाही. जिथे थांबलात तिथून पुढे. मेमरी पेशी वाट पाहत बसलेल्या असतात, उशीर झाला म्हणून आधीचे डोस वाया जात नाहीत. उलट घाई चालत नाही, सुरुवातीच्या डोसांत निदान चार आठवड्यांचं अंतर पाहिजे, आणि डीपीटीचा पहिला बूस्टर तिसऱ्या डोसनंतर निदान सहा महिन्यांनी, कारण मधल्या महिन्यांत मेमरी पेशी घोटून घोटून तयार होत असतात आणि मगच बूस्टरचा खरा फायदा होतो.

दुसरी गोष्ट, काही दारं वयाने बंद होतात. डीपीटी सात वर्षं पूर्ण होईपर्यंतच देतात. म्हणून पोरगी सहा वर्षं चार महिन्यांची आहे म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता आणि मग आठ महिने हातात आहेत म्हणून जीव भांड्यात पडला. सातच्या पुढे गेलेल्या मुलाला टीडी किंवा प्रायव्हेटमधे टीडॅप देतात, किती डोस ते आधीचे किती झालेत त्यावर डॉक्टर ठरवतात. सरकारी केंद्रात एमआर पाच वर्षांपर्यंत, पेंटाचा पहिला डोस एक वर्षापर्यंत, रोटाची सुरुवातही एक वर्षापर्यंतच. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून एमआरची मोठी मोहीम झाली होती, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, तेव्हा घेतलेला डोस बऱ्याच मोठ्या मुलांच्या जुन्या कार्डावर लिहिलेलाच नाही, ते आठवून बघा.

अँटिबॉडी टेस्ट करून पाहू का, असं पुष्कळ जण विचारतात. निरोगी मुलाला त्याची गरज नाही. त्या टेस्टमधे मेमरी पेशी दिसत नाहीत, पैसे जातात, आणि निकाल काहीही आला तरी बूस्टर वेळापत्रकाप्रमाणेच घ्यायचा असतो.

कुठे न्यायचं

नागपुरात मनपाच्या नागरी आरोग्य केंद्रांत, मेडिकल, मेयो, डागा या हॉस्पिटलांत या सरकारी यादीतल्या लसी फुकट मिळतात. कोणत्या वारी कोणती लस काढतात हे आधी विचारून जा, कारण एमआर आणि बीसीजीची बाटली एकदा पाणी घालून तयार केली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकतात, म्हणून थोडी मुलं जमली की बाटली उघडतात. चिडू नका, थांबा थोडं. खेड्यावर, म्हणजे हिंगणा, कामठीच्या बाजूला, उपकेंद्रातल्या किंवा अंगणवाडीतल्या सत्राची तारीख आशाताई सांगतील. प्रायव्हेटला धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांची काही कमी नाही.

"पेनलेस घेऊ का साधी" हा प्रश्न हमखास येतो. पेनलेस डीपीटीत डांग्या खोकल्याच्या जंतूचे फक्त काही निवडक तुकडे असतात, त्यामुळे ताप आणि मांडीची सूज कमी होते, हे खरं. पण तिचं संरक्षण साध्या डीपीटीपेक्षा लवकर उतरतं, हेही खरं. माझं मत असं, बाळपणीच्या पहिल्या तीन डोसांना साधी चांगली, एक रात्र ताप येईल पण पाया पक्का होतो, आणि बूस्टरला मूल फार त्रास करून घेणारं असेल तर पेनलेस घ्यायला हरकत नाही. सरकारी लस हलकी असते हा समज मनातून काढून टाका.

नागपूरचा उन्हाळा आणि लसीचा थंडावा

लस २ ते ८ अंशांत राहायला पाहिजे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पार करतो. पोरीची राहिलेली डीपीटी द्यायला गेलो त्या दिवशी मनपाच्या केंद्रात सिस्टरने निळ्या डब्यातून बाटली काढली, झाकण उघडलं तर आत बर्फाचे पॅक आणि मधे बाटल्या. मी सहज म्हटलं, "ताई, इतक्या उन्हात ही नीट राहते का?" तर त्यांनी बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. लेबलवर एक छोटा गोल आणि त्याच्या आत चौकोन. "हा आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे ना, म्हणजे चांगली. उष्णता लागली की चौकोन काळा पडत जातो. गोलाइतका झाला की आम्ही वापरत नाही." मग तारीख बघितली, नवीन सिरिंज पाकिटातून फोडली, ती एकदाच चालते, दांडा परत मागे येतच नाही. टोचून झाल्यावर सुई कटरमधे टाकली, कट असा आवाज आला आणि पोरगी रडता रडता थांबून तिकडे पाहायला लागली. तुम्हीही तो चौकोन बघायला मागा, कुणी रागावत नाही.

आणि एक कळकळीची विनंती, मेडिकल स्टोअरमधून लस विकत घेऊन ती पर्समधे टाकून दुपारी गाडीवर दवाखान्यात नेऊ नका. डॉक्टरांच्याच फ्रीजमधली घ्या. नाइलाज असेल तर थर्मासमधे बर्फाच्या पॅकसोबत, पण लस थेट बर्फाला लागू न देता, कागदात गुंडाळून, कारण डीपीटी, पेंटा, टीडी या लसी गोठल्या तरी मेल्या. आपण उष्णतेला घाबरतो आणि फ्रीजरमधे ठेवून देतो, तो नुकसानीचा दुसरा रस्ता आहे.

डोसच्या दिवशी आणि नंतर

किरकोळ सर्दी-खोकला असला तरी लस देता येते, त्यासाठी पुढे ढकलू नका. चांगला ताप असेल तर मात्र उतरू द्या. आधीच्या डोसनंतर झटके आले होते, अंगावर गांधी उठून श्वास अडकला होता, मूल खूप स्टिरॉइडवर किंवा केमोवर आहे, असं काही असेल तर टोचायच्या आधी सांगा, लपवू नका. सकाळी खाऊ घालून न्या, पोह्यांचं पोट असलं की चक्कर येत नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

डीपीटीनंतर त्या रात्री ताप, टोचलेल्या जागी दुखणं, सूज हे होतं, एक-दोन दिवसांत जातं. स्वच्छ थंड पाण्याची पट्टी ठेवा, चोळू नका, शेकू नका, हळद लावू नका. एमआरचा ताप मात्र सात ते दहा दिवसांनी येतो, कधी बारीक पुरळही येतं, तेव्हा आपल्याला लस दिल्याचं आठवतसुद्धा नाही आणि माणूस घाबरतो. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. बाटली नीट वाचा, बाळाच्या ड्रॉप्समधे एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि सिरपमधे पाच मिलीत १२५ किंवा २५०, तेव्हा सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर कितीतरी पट जास्त डोस जातो. ॲस्पिरिन अजिबात नाही. तीन तासांहून जास्त न थांबता रडणं, झटका, सुस्त पडणं, तोंड सुजणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना.

सिकलसेल असलेल्या लेकरांसाठी

आपल्या विदर्भात हे घरोघर माहीत असलेलं, आईबापाकडून येणारं रक्ताचं दुखणं, म्हणून वेगळं लिहिते. सिकलसेलच्या मुलांची प्लीहा, म्हणजे पोटातली पाणथरी, लहानपणीच निकामी होत जाते आणि न्यूमोनियाचा, मेंदूज्वराचा जंतू रक्तात शिरला तर काही तासांत हाताबाहेर जातो. त्यांना नेहमीच्या सगळ्या लसींवर पीसीव्हीचा कोर्स पूर्ण असणं, दोन वर्षांनंतर न्यूमोनियाची तेवीस प्रकारांवरची लस आणि पाच वर्षांनी ती परत एकदा, शिवाय मेनिंगोकोकल (मेंदूज्वराची), टायफॉइड आणि दरवर्षी फ्लू, हे लागतं. वर जे मी म्हटलं की पाच वर्षांच्या पुढे पीसीव्हीच्या मागे धावू नका, ते या मुलांना लागू नाही. आणि रक्त चढवलं असेल तर एमआर, एमएमआर, कांजण्या यांसारख्या जिवंत लसींची तारीख काही महिने पुढे न्यावी लागू शकते, कारण चढवलेल्या रक्तातल्या अँटिबॉडी लसीला मारून टाकतात. रक्त कधी चढवलं ती तारीख कार्डावरच लिहून ठेवा. मेजर थॅलेसेमियाच्या मुलांसाठीही हेच.

खिळा, पत्रा, काच आणि टीटी

आपल्याकडे पोरगं पडलं की टीटी, परत पडलं की परत टीटी. गरज नसते. सगळे डोस पूर्ण असतील तर साध्या स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसपासून दहा वर्षं, आणि माती, शेण, गंज लागलेल्या खोल जखमेला पाच वर्षं उलटली नसतील तर परत टोचायचं कारण नाही. जखम धुणं मात्र प्रत्येक वेळी, वाहत्या पाण्याखाली साबणाने. आमच्या पोरीचा दीड वर्षाचा बूस्टर होऊन पाच वर्षं व्हायला आलीच होती, म्हणून डॉक्टर म्हणाले, "वेगळी टीटी कशाला, राहिलेली डीपीटीच उद्या सकाळी द्या, एका सुईत दोन्ही कामं." आणि तसंच केलं. जखमेच्या वेळी जे काही टोचतील, टीटी असो की टीडी, त्याची तारीख कार्डावर चढवा, नाहीतर पुढच्या वेळी परत अंदाजपंचे.

कार्डाचे फोटो मी आता नवऱ्याच्या आणि माझ्या सासूबाईंच्या मोबाईलमधेही ठेवलेत, आणि दहाव्या आणि सोळाव्या वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्याचं रिमाइंडर लावलंय. शाळेत टीडीचा कॅम्प लागला आणि पोरगं त्या दिवशी गैरहजर होतं तर दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेला विचारून जवळच्या केंद्रात न्या. कार्ड फाटत असेल तर प्लास्टिकच्या पाकिटात घाला पण लॅमिनेट करू नका, त्यावर अजून दोन तारखा पेनने लिहायच्या आहेत.